मोटारीच्या नाकातले रडार आणि ड्रायव्हरची जबाबदारी

(चेन्नई येथे पेरांबूरला भरलेल्या अभ्यासवर्गात मराठी भाषक प्रतिनिधींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पेरांबूरला आल्यावर एक आठवण काढायची रीत आहे, ती काढतो आणि विषयाकडे वळतो. २७ एप्रिल १९१८ रोजी याच भागातल्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांनी मद्रास लेबर युनियन स्थापन केली. तिचे पहिले अध्यक्ष बी. पी. वाडिया हे मुंबईचे. तेव्हा आपण मुंबईकडची मंडळी इथे अगदीच परकी नाही.

मला विषय दिला आहे 'नवे तंत्रज्ञान आणि कामगार'. या विषयावर कॉम्प्युटर आला तेव्हापासून भाषणे चालू आहेत आणि सगळी सारखीच असतात. मी मॅट्रिक झालेला, सिग्नल खात्यात खलाशी म्हणून लागलेला माणूस. सगळ्या तंत्रज्ञानावर बोलण्याची माझी तयारी नाही. परवा एक वस्तू जवळून पाहिली, तिच्याबद्दलच बोलतो.

इथल्या एका साथींचा मुलगा मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात आहे. त्याने मला त्याच्या गाडीतून श्रीपेरुंबुदूरला नेले. राष्ट्रीय महामार्ग ४८. हाच रस्ता पुढे बंगळूर, कोल्हापूर, पुणे, मुंबई करत दिल्लीला जातो, म्हणजे आपल्या घरावरून जाणारा. गाडी ८० च्या वेगाने चालली होती. पुढे एक टँकर आला, आणि आपली गाडी आपोआप हळू झाली. मुलाचा पाय ना ॲक्सिलरेटरवर, ना ब्रेकवर. टँकर डावीकडे सरकला, गाडीने पुन्हा वेग घेतला. मध्येच एक मोटरसायकलवाला त्या मोकळ्या जागेत घुसला, तेव्हाही गाडीने बरोबर वेग कमी केला. मी चकित झालो, हे कबूल करतो.

थोडे पुढे एक ट्रक बंद पडून उभा होता. अर्धा रस्त्याच्या कडेला, अर्धा आमच्या लेनमध्ये. मागे लाल दिवा नाही, चाकाखाली दगड आणि झाडाची एक फांदी टाकलेली, जशी आपल्याकडेही टाकतात. या वेळी त्या मुलाचा पाय चटकन ब्रेकवर गेला. मी विचारले, "का रे, हिला थांबता येत नव्हते?" तो म्हणाला, "येतही असेल अंकल. पण उभ्या ट्रकच्या बाबतीत मी तिच्यावर विसंबत नाही."

टँकरच्या बाबतीत विसंबतो आणि उभ्या ट्रकच्या बाबतीत नाही, याचे कारण काय? संध्याकाळी त्याला समोर बसवून मी ते समजावून घेतले.

रडार म्हटले की विमानतळावर फिरणारी मोठी टोपली डोळ्यांपुढे येते. मोटारीतले रडार तळहाताएवढे, चपट्या डबीसारखे असते. ते पुढच्या बंपरमागे किंवा कंपनीच्या बोधचिन्हामागे बसवतात. ते ७६ ते ७७ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडते. एका लहरीची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर. या लहरी प्लॅस्टिकमधून आरपार जातात, लोखंडावर आपटून परत येतात. पुढची गाडी १५० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ३०० मीटर होतात आणि त्याला लागतो एका सेकंदाचा दहा लाखावा भाग. इतका वेळ घड्याळ लावून मोजणे अवघड, म्हणून एक युक्ती करतात. गिरणीचा भोंगा सुरू होताना त्याचा सूर खालून वर चढत जातो, तो आठवा. समोर डोंगर असेल तर प्रतिध्वनी येतो तो मघाचा, खालचा सूर. तोवर भोंगा वरच्या सुरात गेलेला असतो. दोन सुरांतला फरक जितका जास्त, तितका डोंगर लांब. रडार आपली लहर अशीच चढवत नेते आणि परत आलेल्या लहरीशी ताडून पाहते. अंतर कळते ते असे.

वेग कळण्याची रीत तर रेल्वेवाल्यांच्या रोजच्या अनुभवातली आहे. फलाटावर उभे असताना शिट्टी वाजवत येणारे इंजिन पुढून गेले, की शिट्टीचा सूर एकदम उतरतो. हे तत्त्व ख्रिस्तियान डॉप्लर यांनी १८४२ साली प्रागमध्ये मांडले. ते खरे की खोटे हे पाहायला १८४५ साली हॉलंडमध्ये बाइस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने काय केले असेल? उत्रेख्तच्या रेल्वेमार्गावर गाडीत तुतारी वाजवणारे बसवले, आणि सुरांची जाण असलेली माणसे रुळाच्या कडेला उभी केली. गाडी जवळ येताना सूर चढलेला, लांब जाताना उतरलेला. म्हणजे आज मोटारीच्या नाकात बसलेल्या या यंत्राची पहिली परीक्षा रुळांवर झाली आहे. समोरची वस्तू ताशी ७२ किलोमीटरने जवळ येत असेल, तर परतीच्या लहरीत सेकंदाला सुमारे १० हजार कंपने वाढतात. रडार ती मोजते. वस्तू उजवीकडे आहे की डावीकडे, हे कळायला आत शेजारी शेजारी अनेक छोटे अँटेना असतात. आपल्या दोन कानांना आवाजाची दिशा कळते, तसेच.

आता उभ्या ट्रककडे येऊ. आपली गाडी ८० ने चालली आहे. रडारच्या दृष्टीने रस्त्याकडेचा प्रत्येक खांब, कठडा, दिशा दाखवणारी लोखंडी कमान, गटाराचे झाकण, पुलाचे गर्डर, सगळे ८० नेच अंगावर येत असते. उभा ट्रकही ८० नेच येतो. सगळ्यांचा सूर एकच. पुढे चालणारा टँकर मात्र वेगळ्या सुरात उठून दिसतो. त्यातून जुन्या पद्धतीच्या रडारला उंचीचा अंदाज फारसा येत नाही. लांबून पाहता, डोक्यावरचा उड्डाणपूल आणि रस्त्यावरचा ट्रक यांत त्याला भेद करता येत नाही. प्रत्येक लोखंडी वस्तूला घाबरून ब्रेक मारला, तर गाडी प्रत्येक पुलाखाली थांबेल आणि मागची येऊन आदळेल. म्हणून बनवणाऱ्यांनी यंत्राला शिकवून ठेवले आहे की हलते त्यावर विश्वास ठेव, आणि मुळीच न हललेल्या वस्तूबद्दल जरा शंका घे. बहुतेक गाड्यांत काचेमागे कॅमेराही असतो. कॅमेऱ्याने 'हो, हा ट्रकच आहे' असा दुजोरा दिला की ब्रेक लागतो. पण रात्र, समोरच्या गाडीचा झोत, मागे दिवा नसलेला चिखलाने माखलेला ट्रक, उसाची किंवा कडब्याची वेडीवाकडी बाहेर आलेली गाडी, अशा वेळी कॅमेऱ्याची साक्ष कच्ची पडते. नवी यंत्रे उभ्या गाडीपुढे पुष्कळदा थांबतात, वेग कमी असेल तर चांगलीच थांबतात. नेहमी थांबतील असे मात्र बनवणारेही म्हणत नाहीत. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात ते बारीक अक्षरात लिहिलेले असते. किती ड्रायव्हरांना ते पुस्तक वाचायला मिळते, हा प्रश्न आहे. ते असते मालकाच्या कपाटात.

दुसरी गोष्ट चिखलाची आणि ठोकाठोकीची. बंपरवर ओला चिखल बसला, पावसाच्या पाण्याचा जाड थर आला, की लहर तिथेच मरते. चेन्नईत ऑक्टोबर ते डिसेंबर काय पाऊस असतो ते यजमान साथी सांगतील, आणि आपल्या घाटातला जुलै आपण जाणतोच. रडार आपल्या जागेवरून फक्त १ अंश फिरले, तर १०० मीटरवर नजर पावणेदोन मीटर सरकते. महामार्गाची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन चुकली. आमच्या नात्यातल्या एका मुलाच्या गाडीचा बंपर चेपला होता. एका गॅरेजने ठोकून, पुट्टी भरून, झकास रंग दिला. त्यानंतर गाडी मोकळ्या रस्त्यावर मधूनच ब्रेक मारू लागली. गॅरेजवाला म्हणाला, "ते सेन्सरचे बटण बंद करून टाका." यानेही टाकले. सहा महिने गाडी तशीच फिरली. नंतर कळले की बंपरला हात लावल्यावर, समोर ठरावीक अंतरावर धातूचा परावर्तक मांडून रडारची नजर पुन्हा जुळवावी लागते, आणि जाड पुट्टी व काही धातूमिश्रित रंग लहरींना अडवतात. बंपरवर हौसेने लावलेल्या लोखंडी गार्डचेही तेच. ते गार्ड लावायला केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच मनाई केली आहे. रस्त्यावर अजून किती दिसतात, ते तुम्हीच मोजा.

इथे माझ्यातला सिग्नलवाला जागा होतो. आमच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवतात ते हे: तार तुटली, रिले पडला, वीज गेली, काहीही बिघडले, तरी सिग्नल लालच झाला पाहिजे. बिघाड झाल्यावर गाडी उभी राहिली, तर शिव्या खाव्या लागतात, मेमो मिळतो, पण माणसे मरत नाहीत. बिघाड होऊनही सिग्नल हिरवा राहिला, तर तो घातक बाजूचा बिघाड. त्याची चौकशी अगदी वेगळी होते. मी त्या मुलाला विचारले, "तुझे रडार आंधळे झाले की गाडी काय करते?" तो म्हणाला, "एक पिवळा दिवा लावते, 'रडार झाकले आहे' असे लिहून दाखवते, आणि स्वतः बाजूला होते. गाडी चालत राहते." भर महामार्गात गाडी थांबवणे धोक्याचे, म्हणून असे करतात, हे मला पटते. पण याचा अर्थ असा की या यंत्राचा बिघाड आमच्या भाषेत घातक बाजूचाच. आणि नजर १ अंशाने सरकली असेल तर पुष्कळदा तो पिवळा दिवाही लागत नाही. यंत्राला वाटते आपण नीट पाहत आहोत.

ड्रायव्हरचे काय होते ते सांगतो. तीन महिने गाडी आपोआप ब्रेक लावते. पाय आळसावतो. यात ड्रायव्हरचा दोष नाही, माणसाचे शरीर असेच आहे. आपल्या लोको पायलट साथींना विचारा. व्हिजिलन्सचे बटण ठरावीक वेळाने दाबायचे असते, आणि रात्री तीन वाजता हात ते डोळ्यांना न विचारता दाबतो.

आता कोणी म्हणेल, रस्त्याचे रस्त्यावाल्यांना, आपल्या रेल्वेत कवच येत आहे, ते पक्के आहे. कवच चांगलेच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण त्याला रडार समजू नका. कवच समोर पाहत नाही. रुळावर बसवलेल्या टॅगवरून आणि रेडिओवरून त्याला सिग्नलची व जागेची खबर मिळते, आणि ड्रायव्हर लाल ओलांडू लागला तर ते ब्रेक लावते. सिग्नलच चुकीचे सांगत असेल तर? ११ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री, इथून उत्तरेला गुम्मिडिपुंडीच्या अलीकडे कवरैपेट्टै स्टेशनात, म्हैसूर-दरभंगा बागमती एक्सप्रेसला मेन लाईनचा हिरवा सिग्नल होता. गाडी गेली लूप लाईनवर, आणि तिथे मालगाडी उभी होती. लोको पायलटने झटका बसताच ब्रेक लावला. कोणी दगावले नाही, हे त्या माणसाचे आणि प्रवाशांचे नशीब. २ जून २०२३ रोजी बहानगा बाजारला असे नशीब नव्हते. चेन्नईकडे येणारी कोरोमंडल एक्सप्रेस हिरव्या सिग्नलवर लूपमध्ये शिरली, पुढे उभी मालगाडी होती, आणि पावणेतीनशेहून अधिक माणसे गेली. तिथे चौकशीत सिग्नलच्या जोडणीतली चूक निघाली. मघाच्या ट्रकप्रमाणे इथेही पुढ्यात उभी गाडीच होती.

हे सगळे मी का सांगतो आहे? अपघातानंतर प्रश्न विचारला जातो तो 'ड्रायव्हर काय करत होता' हा. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टेंपी गावात उबर कंपनीच्या आपोआप चालणाऱ्या मोटारीखाली रस्ता ओलांडणारी एक बाई सापडून मेली. तिच्या हातात सायकल होती. सरकारी चौकशीत निघाले की गाडीच्या रडारला ती ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण रस्ता मधूनच ओलांडणारा माणूस ही गोष्टच संगणकाला शिकवलेली नव्हती. तो तिला कधी गाडी समजला, कधी सायकल, कधी आणखी काही. मूळ गाडीत कारखान्याने दिलेली आपोआप ब्रेक लावण्याची सोय, आपली यंत्रणा चालू असताना, कंपनीने बंद ठेवली होती. गाडीत देखरेखीला एक नोकरदार बाई होती आणि ती त्या वेळी मोबाईलवर कार्यक्रम पाहत होती. हे मी झाकणार नाही. चौकशीने तिचा दोष दाखवला, कंपनीच्या ढिसाळपणावरही ठपका ठेवला. पुढे कंपनीवर फौजदारी खटला भरला गेला नाही. खटला झाला त्या नोकरदार बाईवर. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली.

आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमाच्या पहिल्या पोटकलमात निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वीच्या ३०४-अ मध्ये ती २ वर्षांपर्यंत होती. दुसऱ्या पोटकलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चक्का जाम केला, म्हणून ते लागू करणे थांबले. पहिले लागू झाले आहे. कठड्यात नेमके रडारनेच चुकीचे ब्रेक मारले, असे सांगणारा ड्रायव्हर कोर्टात ते सिद्ध कशाने करणार?

मेल मोटरच्या साथींनो, हे तुमच्या दारात येत आहे. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये एक मसुदा काढला. नव्या बस आणि ट्रकवर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, लेन सोडल्याचा इशारा आणि ड्रायव्हरला डुलकी लागल्याचा इशारा सक्तीचा करावा, असे त्यात आहे. मसुद्यात नव्या मॉडेलांसाठी एप्रिल २०२६ आणि चालू मॉडेलांसाठी ऑक्टोबर २०२६ अशा तारखा सुचवल्या होत्या. तारखा मागेपुढे होतात, पण दिशा ठरलेली आहे. आणि ही यंत्रे बनतात इथेच, आपल्या अवतीभोवती. इरुंगट्टुकोट्टैच्या ह्युंदाई कारखान्यातून मार्च २०२३ मध्ये निघालेल्या व्हर्नाच्या वरच्या प्रकारांत हे रडार आहे. त्याच वर्षी या कंपनीने आपल्या तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला. तिथल्या जुन्या कामगारांचे काय झाले, तो वेगळा आणि कडू विषय आहे, आज नको.

मी या यंत्राच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो, नाहीतर उद्या म्हणतील युनियनवाले प्रगतीला आडवे येतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, हा सरकारचाच आकडा आहे. ब्रेक अर्धा सेकंद आधी लागला तर ८० च्या वेगाला अकरा मीटर वाचतात. अकरा मीटरमध्ये एक कुटुंब वाचते. यंत्र यावेच. पण यंत्र आले म्हणून ड्युटीचे तास वाढवू देऊ नका, आणि दोन ड्रायव्हरांच्या पल्ल्यावर एकच पाठवू देऊ नका. डुलकीचा इशारा देणारा भोंगा म्हणजे विश्रांती नव्हे. असिस्टंट लोको पायलटची जागा 'कवच आहे ना' म्हणून कमी करण्याचा विचार कोणाच्या डोक्यात आला, तर त्यालाही हेच उत्तर.

आपल्या ठरावाचा मसुदा मी रात्री लिहिला आहे. त्यात मागितले आहे ते इतकेच: अशी गाडी ताब्यात देण्याआधी ड्रायव्हरला त्याच्या भाषेत पगारी प्रशिक्षण द्यावे, आणि यंत्राला काय दिसत नाही, हे त्यात आधी शिकवावे. बंपरला हात लागला, काच बदलली, तर नजर जुळवून झाल्याचा दाखला डेपोच्या वहीत नोंदल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. सकाळी रडार आणि कॅमेरा पुसायला लागणारा वेळ ड्युटीत धरावा. पिवळा दिवा लागलेली गाडी घेऊन जायला ड्रायव्हरने नकार दिला, तर त्याला चार्जशीट देऊ नये. आणि अपघात झाला तर गाडीच्या संगणकातली नोंद ड्रायव्हरला व त्याच्या संघटनेला मिळावी, नुसती कंपनीला आणि विम्यावाल्याला नको. रेल्वेत अपघातानंतर इंजिनातल्या वेगाच्या नोंदीवर आपण भांडू शकतो, कारण ती समोर येते.

टपालवाल्या साथींनी यात भर घालावी. छोट्या डाकगाड्या या मसुद्याच्या वजनाच्या मर्यादेत येतात की नाही, हे मला वजनाच्या आकड्यांसकट हवे आहे. ज्यांच्या डेपोत अशी गाडी आधीच आली आहे त्यांनी तिच्या बंपरचा, पिवळ्या दिव्याचा, खोट्या ब्रेकचा अनुभव तारीखवार लिहून आणावा. ठराव उद्या सकाळच्या सत्रात मांडायचा आहे, तेव्हा कागद आज रात्री आठपर्यंत माझ्याकडे द्या. मी खाली भोजनगृहाजवळच्या खोलीत आहे.